कोळशाच्या चिमणीवर कार्बन पकडायला सरकारी पैसा: द्यायचा तर कशावर द्यायचा?

जुना_शिफ्टवाला

१ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात कार्बन पकडून तो वापरायच्या किंवा जमिनीखाली साठवायच्या तंत्रज्ञानासाठी पाच वर्षांत २०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. वीज, पोलाद, सिमेंट, तेलशुद्धीकरण आणि रसायनं ही पाच क्षेत्रं त्यात आहेत. बातमी वाचल्यापासून हा विषय डोक्यातून जात नाही. माझी एकतीस वर्षं औष्णिक केंद्रात गेली, त्यातली निम्म्याहून जास्त कंट्रोल रूमच्या डेस्कवर. म्हणून विजेपुरतंच लिहितो.

आधी यंत्राबद्दल, कारण पैशाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. चिमणीकडे जाणाऱ्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १४ टक्के असतो, उरलेला बहुतेक नायट्रोजन. हा धूर थंड करून एका उंच मनोऱ्यात खालून वर सोडायचा आणि वरून अमाइन नावाच्या रसायनाचं द्रावण पाडायचं. सुमारे ४० अंशांना अमाइन कार्बन डायऑक्साइडला धरतं. ते द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात नेऊन १२० अंशांपर्यंत तापवलं की वायू सुटतो आणि अमाइन पुन्हा कामाला येतं. रसायन जुनंच आहे, खतांच्या कारखान्यांत ते कित्येक दशकं चालू आहे.

खरी मेख त्या १२० अंशांत आहे. ती उष्णता कुठून आणायची? आपल्याच टर्बाइनमधून. मधल्या दाबाच्या टर्बाइनमधून कमी दाबाच्या टर्बाइनकडे जो जाडजूड क्रॉसओव्हर पाइप जातो, तिथून वाफ काढावी लागते. एका वीजनिर्मिती संचाचा सगळा धूर धुवायचा ठरवला तर त्या पाइपातली जवळजवळ निम्मी वाफ जाते. वायू दाबायला कॉम्प्रेसर लागतात, त्यांची वीज वेगळी. ५०० मेगावॉटच्या संचातून बाहेर जाणारी वीज शंभर-सव्वाशे मेगावॉटनी घटते. कोळसा मात्र तेवढाच जळतो.

आता डेस्कवर बसणारा माणूस पुढचं लगेच ओळखेल. कोणत्या संचाला किती चालवायचं हे राज्य भार प्रेषण केंद्र मेरिट ऑर्डरनं ठरवतं. ज्याचा युनिटमागे बदलता खर्च कमी, म्हणजे मुख्यतः इंधनाचा, तो आधी. आम्हाला रात्री कळव्याच्या त्या केंद्रातून फोन यायचा, 'अमुक संच बॅक डाउन घ्या', म्हणजे वीज कमी करा, की आम्ही कोळसा दळणाऱ्या मिल एकेक करून काढायला लागायचो. समजा एका संचाची वीज इंधनापोटी साडेतीन रुपयांना पडते. कार्बन पकडायला लागल्यावर तेवढ्याच कोळशात पाचवा हिस्सा वीज कमी मिळते, म्हणजे तीच वीज चार रुपये चाळीस पैशांच्या आसपास गेली. अमाइन खराब होत जातं आणि नवं घालावं लागतं, तो खर्च यात धरलेला नाही. असा संच यादीत खाली घसरणार आणि सगळ्यात आधी त्यालाच थांबवणार. केंद्रप्रमुखाच्या जागी मी असतो तर मीसुद्धा कार्बनचा मनोरा बायपास करून संच पुन्हा स्वस्त करून घेतला असता. नियमात बसत असेल तर कुणीही तेच करेल.

म्हणून माझं म्हणणं असं. मनोरा उभारायला भांडवली अनुदान दिलं तर मनोरा उभा राहील. तो चालेल याची हमी त्या पैशात नाही. पैसा प्रत्यक्ष पकडलेल्या आणि जमिनीत गेलेल्या टनावर द्यायला हवा, आणि अशा संचाला मेरिट ऑर्डरमध्ये वेगळं स्थान द्यायला हवं. हे केलं नाही तर पाच वर्षांनी आपल्याकडे गंजलेले मनोरे असतील.

या विषयात काम करणारे आणि परदेशात असे प्रकल्प जवळून पाहणारे इथे आहेत. माझं कुठे चुकत असेल तर सांगा.

---

वर्धाकाठ

काका, यंत्राचं इतक्या सोप्या भाषेत पहिल्यांदाच कुणी समजावलं. मी शाळेत शिकवते, आमचं गाव केंद्रापासून सहा किलोमीटरवर. आमच्याकडे वाळत घातलेले कपडे झटकूनच आत घ्यायचे हे लहान मुलांनाही कळतं. उन्हाळ्यात वारा सुटला की राखेच्या तळ्याकडून पांढरा लोट येतो, आणि मी पहिल्या दोन बाकांवरच्या मुलांना मागे बसवते, कारण खिडकी त्या बाजूला आहे आणि तिची काच गेली आहे.

म्हणून माझा प्रश्न साधा आहे. गंधक काढायचं एफजीडी यंत्र बसवायचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये आला. दोन वर्षांची मुदत होती, ती पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या पाऊणहून अधिक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. जे आमच्या नाकातोंडात जातं ते काढायला पैसे नव्हते, आणि जे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, ते काढायला २०,००० कोटी आहेत. हवामानबदल खोटा आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. गेल्या मे महिन्यात वर्गात दोन मुलं भोवळ येऊन पडली, ऊन काय आहे हे आम्हाला माहीत आहे. पण आधी काय आणि मग काय, हे कोण ठरवतं?

---

अमाइन

नमस्कार. मी पवईत याच विषयावर संशोधन करते, त्यामुळे या तरतुदीच्या बाजूने बोलणं मला भाग आहे, आणि मनापासूनही बोलते.

वर्धाकाठ ताई, तुमचा प्रश्न 'आधी काय' असा आहे आणि त्याचं उत्तर रसायनशास्त्रच देतं. अमाइनला गंधक सोसत नाही. धुरातला सल्फर डायऑक्साइड अमाइनशी असा जोडला जातो की तापवूनही सुटत नाही. ते अमाइन वाया जातं. म्हणून मनोऱ्यात शिरणाऱ्या धुरात सल्फर डायऑक्साइड दहा पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आसपास किंवा त्याहून कमी लागतो. आपला एफजीडीचा नियम पूर्ण पाळला तरी धूर इतका स्वच्छ होत नाही, पुढे आणखी एक धुलाई लागते. म्हणजे एफजीडी नसलेल्या केंद्रावर हे यंत्र चालूच शकत नाही. एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन पकडणारा प्रकल्प सुरू झाला, तो एफजीडी असलेल्या १३ क्रमांकाच्या संचावर आहे. त्यातून दिवसाला दहा टन मिथेनॉल बनवायचा प्रकल्पही तिथेच आहे. तेव्हा कार्बनसाठी अनुदान मागणाऱ्या प्रत्येक केंद्राला आधी गंधक काढणं बंधनकारक करा, अशी मागणी आपण एकत्र करू शकतो. ती तुमचीही आहे आणि माझीही.

काका, तुमच्या मुद्द्याशी मी अर्धी सहमत आहे. टनावर पैसे ही पद्धत तयार तंत्रज्ञानाला योग्य आहे. पण हे २०,००० कोटी देशभर मनोरे उभारायला नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये संशोधनाचा जो आराखडा आला त्याला धरून, प्रयोगशाळेतल्या गोष्टी प्रत्यक्ष धुरावर सिद्ध करायला आहेत. आमच्या प्रयोगशाळेत बाटलीतला शुद्ध वायू मिसळून बनवलेला धूर असतो. त्यात राख नसते, लोड वरखाली होत नाही, दमट हवा नसते. खऱ्या चिमणीला जोडून वर्षभर चालवल्याशिवाय अमाइन किती टिकतं हे कळत नाही, आणि तो खर्च कुठलीही खासगी कंपनी उचलणार नाही. पहिल्या टनाच्या आधी पैसा लागतोच.

आणि हे आपल्याला जमणारच नाही असंही नाही. तुतिकोरिनच्या सोडा ॲशच्या कारखान्यात २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून वर्षाला ६०,००० टन पकडायचा प्रकल्प सरकारी अनुदानाशिवाय उभा राहिला. त्यांना तो वायू कच्चा माल म्हणून हवाच होता.

---

जुना_शिफ्टवाला

अमाइन ताई, गंधकाचा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायलाच हवा होता, राहिला. आभार.

तुतिकोरिनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. तिथे वायूला गिऱ्हाईक होतं म्हणून यंत्र चाललं. विजेच्या केंद्राला गिऱ्हाईक कुठून मिळणार? विंध्याचलचं प्रमाण पाहा. ५०० मेगावॉटचा एक संच तासाला चारशे टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. दिवसाचे २० टन म्हणजे त्या संचाचा तीन मिनिटांचा धूर. शिकण्यासाठी तेवढं पुरेसं आहे हे मान्य. पण एका संचाचा वर्षाचा सगळा वायू मिथेनॉलमध्ये जिरवायला लागणारा हायड्रोजन कुठे आहे? तो विजेपासून बनवायचा तर जेवढी वीज लागेल तेवढ्यात कोळशाचा संच बंद करता येईल. म्हणून विजेच्या बाबतीत 'वापर' हा शब्द मी बाजूला ठेवतो. तो वायू जमिनीतच पुरावा लागेल.

---

रेजायनाकर

मी कॅनडात सस्कॅचेवानमध्ये राहतो. बाउंडरी डॅम केंद्र इथून दोनेक तासांच्या अंतरावर, एस्टेव्हन गावाजवळ. पूर्ण आकाराच्या कोळशाच्या संचावर कार्बन पकडणारा जगातला पहिला प्रकल्प तो. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाला. खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर, त्यात केंद्र सरकारचे २४ कोटी डॉलर. संच फक्त ११०-११५ मेगावॉटचा. वर्षाला १० लाख टनांचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात बहुतेक वर्षं त्याहून पुष्कळ कमी पकडला गेला.

का कमी, हे तुम्हा मंडळींना उपयोगी पडेल. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात जास्त त्रास दिला तो उडत्या राखेनं. धुराबरोबर बारीक राख पुढे जायची, अमाइनमध्ये मिसळायची, हीट एक्स्चेंजर तुंबायचे, द्रावणाला फेस यायचा. सफाईसाठी अख्खं यंत्र बंद करावं लागायचं. शेवटी महत्त्वाच्या उपकरणांना जोडीदार उपकरणं आणि मधे झडपा बसवल्या, म्हणजे एक साफ करताना दुसरं चालू राहील. पहिल्या खर्चावर हा खर्च वेगळा. आणि इथल्या लिग्नाइटमधली राख आपल्या कोळशाच्या मानाने फारच कमी. आपला कोळसा ३०-४० टक्के राखेचा. इथे जे झालं ते तिथे किती पटीत होईल याचा विचार निविदा काढण्याआधी व्हायला हवा.

२०१८ मध्ये इथल्या वीज कंपनीनं शेजारच्या चौथ्या आणि पाचव्या संचावर हे यंत्र न बसवायचं ठरवलं. पहिल्या प्रकल्पातून शिकून दुसरा स्वस्त होईल हे मोठं आश्वासन होतं. तो दुसरा प्रकल्प तिथे उभा राहिलाच नाही. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण २०१४ मध्ये आम्ही चार मराठी कुटुंबं मिळून गाडी काढून ते केंद्र बाहेरून पाहायला गेलो होतो. मुलांना सांगितलं होतं की जगात पहिल्यांदा हे इथे होतंय.

पकडलेल्या वायूतला बराचसा वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो, जुन्या विहिरींतून उरलेलं तेल वर ढकलायला. थोडा साडेतीन किलोमीटरच्या आसपास खोल खारट पाण्याच्या थरात सोडतात. तेलाची कमाई नसती तर यंत्र इतकं चाललं असतं असं मला वाटत नाही.

---

ब्राझोसकाठ

रेजायनाकर, तेलाबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचा पुढचा अंक आमच्याकडे टेक्सासमध्ये झाला. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला थॉम्पसन्सजवळ डब्ल्यू. ए. पॅरिश केंद्र आहे. आम्ही राहतो तिथून फार लांब नाही. तिथला पेट्रा नोव्हा प्रकल्प जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाला. खर्च सुमारे १ अब्ज डॉलर, त्यात सरकारी अनुदान १९ कोटींच्या आसपास. २४० मेगावॉटइतक्या धुरातला ९० टक्के वायू पकडायचा आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटर पाइपनं वेस्ट रँच तेलक्षेत्रात न्यायचा. जुना_शिफ्टवाला साहेब, तुम्ही म्हणता ती वाफेची अडचण त्यांनी ओळखली होती. टर्बाइनला हात न लावता त्यांनी वाफेसाठी गॅसवरचं वेगळं छोटं केंद्रच बांधलं.

यंत्र चांगलं चाललं. तीन वर्षांत ३५ लाख टनांहून जास्त वायू पकडला. मे २०२० मध्ये ते बंद पडलं, कारण तेलाचा भाव कोसळला. कोळशाचा संच चालूच होता, मनोरा तेवढा थांबला. २०२२ मध्ये एका भागीदारानं आपला अर्धा हिस्सा ३६ लाख डॉलरला विकला. अब्ज डॉलरच्या यंत्राचा अर्धा हिस्सा! सप्टेंबर २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. म्हणजे साहेबांचं म्हणणं खरं आहे: चालवायचा खर्च भरून निघत नाही तोवर उत्तम यंत्रही थांबतं.

मधल्या काळात इथे काय बदललं? कायदा. टनामागे करसवलत देणारं कलम २००८ पासून होतंच. २०२२ मध्ये ती सवलत जमिनीत कायम साठवलेल्या टनाला ८५ डॉलर आणि तेलासाठी वापरलेल्या टनाला ६० डॉलर केली. २०२५ मध्ये दोन्हींना ८५ करून टाकलं, जे मला चुकीचं वाटतं, कारण तेल काढण्याला आणि नुसतं साठवण्याला एकच किंमत झाली.

भांडवली अनुदानाचा इतिहास इथे फार वाईट आहे. सरकारी खर्च तपासणाऱ्या जीएओ या संस्थेनं डिसेंबर २०२१ मध्ये लिहिलं की ऊर्जा खात्यानं कोळशाच्या आठ प्रकल्पांना ६८.४ कोटी डॉलर दिले, त्यातला एकच उभा राहून चालला, तो हाच पेट्रा नोव्हा. मिसिसिपीमधला केम्पर प्रकल्प तीन अब्जांखालच्या अंदाजावरून साडेसात अब्जांवर गेला आणि २०१७ मध्ये त्याचा कोळशाचा भाग सोडून दिला. २०२१ मध्ये तो भाग सुरुंग लावून पाडला.

पण टनावर पैसे देण्यातही एक धोका आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०२० मध्ये इथल्या करखात्यावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकानं तपासणी केली. तोवर सुमारे १ अब्ज डॉलरची सवलत लोकांनी घेतली होती. त्यातल्या जवळजवळ ९० कोटींच्या बाबतीत वायू जमिनीत राहतोय की नाही हे मोजायची मंजूर योजनाच नव्हती. टन मोजला कुणी, हा प्रश्न टनाच्या दराइतकाच मोठा आहे.

आणि पाइपलाइनबद्दल. २२ फेब्रुवारी २०२० ला मिसिसिपीतल्या सॅटार्शिया गावाजवळ कार्बन डायऑक्साइडचा पाइप फुटला. पावसानं टेकडी खचली होती. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. दोनशेच्या आसपास लोकांना हलवावं लागलं, ४५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे गाड्यांची इंजिनं रस्त्यातच बंद पडली, मदतीला जाणाऱ्यांनाही पोहोचता येईना. कुणी दगावलं नाही. ज्या गावांतून पाइप जाणार त्यांना हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

---

दगडमाती

पुरायची जागा हा माझा विषय. महाराष्ट्रात कुणीही पटकन म्हणेल की आपल्याकडे दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे, पाच लाख चौरस किलोमीटर, त्यात पुरू. कल्पना बिनबुडाची नाही. आइसलँडमध्ये हेलिशेइडीला बेसॉल्टमध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड सोडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ९५ टक्क्यांहून जास्त वायूचे दोन वर्षांच्या आत खनिज झाले, म्हणजे दगडच झाला. बेसॉल्टमधलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतं. दगड झाल्यावर तो सुटायचा प्रश्नच नाही.

तरीही घाई नको. आइसलँडचा बेसॉल्ट तरुण आणि भेगाळ, पाणी आत झिरपतं. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्या पोकळ्या जागोजागी गारगोटी आणि झिओलाइटनं भरून गेल्यात. पुण्याजवळच्या खाणीत हिरवट-पांढरे स्फटिक सापडतात आणि आपण हौसेनं दिवाणखान्यात ठेवतो, त्याच त्या बुजलेल्या पोकळ्या. शिवाय त्या पद्धतीला एका टन वायूमागे २५ टनांच्या आसपास पाणी लागतं. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. त्या मराठवाड्यात हे पाणी आणायचं कुठून?

आणि एक गोष्ट नकाशा उघडून पाहण्यासारखी. आपली मोठी केंद्रं कोळशाजवळ आहेत. चंद्रपूरकडे पायाखाली काळा पाषाण नाही, गोंडवानाचे वालुकाश्म आहेत, म्हणून तर तिथे कोळसा आहे. काळा पाषाण जाड होत जातो तो पश्चिमेकडे. किल्लारीला विंधणात तो साडेतीनशे मीटरच्या आत संपला, कोयनेकडे हजार मीटरच्या आसपास. पुरेशी जाडी हवी तर धूर विदर्भात आणि जागा सह्याद्रीकडे, असं होईल. मग पाइपलाइन, आणि मग सॅटार्शिया. गोंडवानाच्या थरांत जागा आहे का हे विंधून पाहणं जास्त शहाणपणाचं. एनटीपीसीनं झारखंडमध्ये पाकरी बरवाडीहला अशा साठवणुकीसाठीच विहीर खणायला घेतली आहे, ते योग्य पाऊल वाटतं. २०,००० कोटींतला मोठा वाटा विंधणांवर खर्च झाला तर मला आनंद होईल. मनोऱ्याचं रसायन जगाला माहीत आहे, आपल्या जमिनीचं पोट आपल्यालाच तपासावं लागणार.

---

हिशेबतपासनीस

आकडे समोर ठेवतो. एक टन पकडून, दाबून, नेऊन पुरायला पाच हजार रुपये धरू. ही माझी धरलेली रक्कम आहे, अमेरिकेच्या ८५ डॉलरहून कमीच. मग २०,००० कोटींत ४ कोटी टन होतात. देशातला कोळशाचा वीजधंदा वर्षाला शंभर ते सव्वाशे कोटी टन सोडतो. म्हणजे सगळा पैसा फक्त विजेवर आणि फक्त टनांवर खर्च केला तरी बारा-चौदा दिवसांचा धूर. त्यामुळे अमाइन ताईंचं म्हणणं बरोबर: हा शिकायचा पैसा आहे. तसंच त्याच्याकडे पाहावं.

दुसरं, पैसा कुठून? २०१० पासून कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर होता, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. त्यातून ८६ हजार कोटींच्या आसपास जमा झाले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा वळला. २०१७ मध्ये तो उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईत गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकरच उठला, कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कोळशाच्या प्रत्येक टनावर लोकांनी हा पैसा भरलेला आहे, वीजबिलातून. तेव्हा वर्धाकाठ ताईंनी 'आमच्यासाठी पैसे नव्हते' असं म्हणणं त्यांच्या हक्काचं आहे.

तिसरं, कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना २०२३ मध्ये आली, पण औष्णिक वीज त्यात नाही. धूर सोडायला काहीच किंमत नसेल तर पकडायला किंमत मिळणार ती फक्त सरकारी तिजोरीतून, आणि तीही तरतूद असेल तोवर.

---

अमाइन

मी इथे बाजू मांडायला आले होते, आता एक कबुली देते. आमच्या गटात याच गोष्टीवर दर आठवड्याला वाद होतो. मला विचाराल तर पहिला पैसा सिमेंटला जावा. कोळशाच्या विजेला सौर, पवन, बॅटरी असे पर्याय आहेत, महाग-स्वस्त पुढचं पुढे. सिमेंटचा साधारण ६० टक्के कार्बन चुनखडी भाजताना दगडातून सुटतो, इंधन बदललं तरी तो थांबत नाही. त्या धुरात कार्बन डायऑक्साइडही जास्त, २० टक्क्यांच्या वर, म्हणजे पकडायला सोपा. आणि वर्धाकाठ ताई, तुमच्याकडच्या पट्ट्यातच, राजुरा-कोरपना-गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आहेत. एकाच खोऱ्यात सिमेंट, वीज आणि दगडमाती साहेबांचे गोंडवानाचे थर. पाइप छोटा, प्रयोग एका जागी. देशात अशी जागा शोधायची तर मी तिथून सुरुवात करेन.

---

जुना_शिफ्टवाला

हे पटलं. मी फक्त विजेचं लिहिलं कारण आयुष्य तिथे गेलं. तरी एक सांगतो. आपले ६६० मेगावॉटचे संच दहा-बारा वर्षांचे आहेत, त्यांचं अजून निम्म्याहून जास्त आयुष्य बाकी आहे. ते उद्या बंद होणार नाहीत. त्यातल्या एका संचावर, गंधक काढलेल्या, एका बाजूच्या धुरावर, पन्नास मेगावॉटएवढा प्रयोग व्हावा आणि मेरिट ऑर्डरमधून त्याला पाच वर्षं बाहेर ठेवावं. राखेचा रेजायनाकरांनी सांगितलेला त्रास आपल्या कोळशावर कसा होतो हे त्याशिवाय कळणार नाही. बाकीचा पैसा सिमेंटला आणि विंधणांना गेला तर माझी तक्रार नाही.

टनाच्या दराबद्दल मी ठाम आहे. पण ब्राझोसकाठ यांनी जे लिहिलं त्यानं माझी झोप उडाली आहे. मी पैसे टनावर द्या म्हणालो आणि टन कसा मोजणार हे लिहिलंच नाही. आमच्या डेस्कवर कोळशाचा आकडा बंकरच्या काट्यावरून यायचा. काटा किती दिवसांनी तपासला यावरून महिन्याचा सगळा हिशेब हलायचा, हे मी स्वतः पाहिलंय. वायूचंही तेच होईल. मीटर तीन ठिकाणी हवेत: मनोऱ्यातून निघताना, पाइपात शिरताना आणि विहिरीच्या तोंडाशी. तिन्ही आकडे जुळले तरच पैसे. आणि मीटर तपासणारा केंद्राच्या पगारावर नको.

---

वर्धाकाठ

काका, त्यात चौथं ठिकाण घाला. केंद्राच्या गेटबाहेर.

आमच्याकडे गेटवर एक मोठा पाटीसारखा पडदा आहे, चिमणीतून काय किती जातं ते लाल अक्षरांत दाखवणारा. दहावीच्या मुलांना घेऊन मी दोनदा तिथे गेले, वहीत आकडे उतरवून घेतले, मग वर्गात 'पीपीएम' आणि 'मिलिग्रॅम' शिकवले. मुलांना ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळलं. गेल्या पावसाळ्यापासून तो बंद आहे. सुरक्षारक्षकाला विचारलं तर म्हणाला, दुरुस्तीला सांगितलंय. नोव्हेंबरमध्ये पुन्हा गेलो तेव्हाही काळाच होता. मुलांनी वहीत तारीख लिहिली आणि पुढची जागा कोरी सोडली.

मागणीचं पत्र कुणी लिहिणार असेल तर मला मसुदा पाठवा, गावातल्या सह्या मी गोळा करते.

---

जुना_शिफ्टवाला

मसुदा मी लिहितो ताई. रविवारपर्यंत याच धाग्यावर टाकतो. अमाइन ताई, गंधकाची मर्यादा आणि दगडमाती साहेब, विंधणांची अट, तुमच्या तुमच्या शब्दांत दोन-दोन ओळी द्याल का? तांत्रिक भाषा मला सैल नको आहे.